दुपारी बाराचा रिपोर्ट

बोटीवर सेकंड मेट या डेकवरच्या अधिकाऱ्याच्या वाट्याला येणारं सगळ्यात कंटाळवाणं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, नून रिपोर्ट. जहाजाच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की अक्षांश-रेखांश, चोवीस तासांत कापलेले मैल, सरासरी वेग, वारा कुठून, लाटा किती, इंधन किती उरलं, गोडं पाणी किती उरलं, पुढच्या बंदरात कधी पोचणार, हे सगळं ठरलेल्या साच्यात भरायचं आणि ऑफिसला पाठवून द्यायचं. तिकडे कुणीतरी ते आकडे उचलून दुसऱ्या तक्त्यात टाकतो. वाचत कुणीच नाही. मी एकदा गंमत म्हणून शेऱ्याच्या रकान्यात 'आज जेवणात बांगडा होता' असं लिहून पाठवलं होतं. कुणी हूं की चूं केलं नाही.

रिपोर्ट आलाच नाही तर मात्र फोन वाजायला लागतात. हे मला १९९८ साली कळलं.

नॉर्वेजियन मालकाचा केमिकल टँकर होता. नॉर्वेने १९८७ मध्ये आपल्या जहाजांसाठी एक दुसरं रजिस्टर उघडलं. त्यावरच्या जहाजांवर परदेशी माणसं त्यांच्या त्यांच्या देशाच्या हिशेबाने पगार देऊन ठेवता यायला लागली आणि आमच्यासारख्या कितीतरी पोरांची सोय झाली. कॅप्टन आणि चीफ इंजिनियर नॉर्वेचे, आम्ही बाकीचे भारतातले आणि फिलिपिन्सचे. पेरूच्या कयाओ बंदरात फिश ऑइल भरलं होतं आणि ऑस्ट्रेलियाला निघालो होतो. फिश ऑइलचा वास काय असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सुकटीचं पोतं पावसात भिजलं आणि बंद खोलीत आठवडाभर राहिलं तर जसं होईल, तसं अख्खं जहाज. गोव्याचा आमचा कुक म्हणायचा की आता कालवणात मासळी नाही घातली तरी चालेल.

पहिल्या आठवड्यातच सॅटेलाइटचा संच बंद पडला. रेडिओवरून प्रयत्न केला, पण त्या दोन दिवसांत खरखरीशिवाय काही हाती लागेना. दोन दुपारी मी रिपोर्ट लिहिला आणि तो तसाच टेबलावर राहिला. तिसऱ्या दिवशी पहाटे एका किनाऱ्यावरच्या स्टेशनने आमचा आवाज उचलला आणि प्रकरण मिटलं. आमच्या दृष्टीने हा एक वैताग होता, त्यापलीकडे काही नाही. जहाज धडधाकट, हवा बरी, जेवण वेळेवर.

पाच महिन्यांनी साइन ऑफ करून रत्नागिरीला घरी आलो. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, तसं होतं. बायकोची त्यावर सगळी खतावणी: दुधाचा खाडा, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कामवालीची सुट्टी. मी सहज मागची पानं चाळत होतो. एका महिन्यात लागोपाठ दोन चौकटींभोवती पेन्सिलने गोल काढलेले, आत काहीच लिहिलेलं नाही. तिसऱ्या चौकटीत फक्त एक बारीक टिंब.

"हे काय? गॅस लागोपाठ दोनदा आणलास की काय?"

"काही नाही," ती म्हणाली. मग रात्री सांगितलं. घरी फोन नव्हता. नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून तिने मुंबईच्या ऑफिसला फोन केला होता, माझ्या पगाराचा घरी येणारा हप्ता अडकला म्हणून. तिकडच्या पोराने हप्त्याचं बघतो म्हणाला आणि बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं, "वहिनी, त्या बोटीचा दोन दिवस रिपोर्ट नाहीये, म्हणून इकडे जरा गडबड आहे." मग त्यालाच आपलं चुकलं असं वाटलं असावं, त्याने फोन ठेवला. ही बूथवाल्याला पैसे देऊन घरी आली. कुणाला बोलली नाही. आईला तर नाहीच. "त्यांना कशाला घोर?" रात्री भात केला, सगळ्यांना वाढलं. दुसऱ्या दिवशी परत बूथवर. तिसऱ्या दिवशी परत. "आला, आला रिपोर्ट," तो पोरगा म्हणाला. ते टिंब.

त्या ऑफिसवर मला आजही राग आहे, पण ते असो.

सांगायचं आहे ते वेगळंच. संच बंद होता त्यातल्या दुसऱ्या रात्री मी आणि आमचा चीफ इंजिनियर मेसरूममध्ये बसलो होतो. साठीला आलेला माणूस, ओस्लोच्या खालच्या अंगाला किनाऱ्यावर कुठेतरी गाव. तंबाखूची चंची, काळी कॉफी, आणि घरून आणलेलं ते तपकिरी, गोडसर चीज, जे त्याला आपल्या खरवसाइतकं प्रिय होतं आणि मला साबणासारखं लागायचं. मला तो 'स्टिरमन' म्हणायचा, त्यांच्याकडे मेटला तसंच म्हणतात. मी चिडचिड करत होतो. तो म्हणाला, "दोन दिवस गप्प बसलास तर एवढा अस्वस्थ? माझा अंकल पाच वर्षं गप्प होता." मी सवयीने विचारलं, मामा की काका? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, आईचा भाऊ. म्हणजे मामा.

मामा १९३९ मध्ये बोटीवर गेला तो १९४५ मध्ये घरी आला.

मधलं थोडं सांगायला हवं, कारण आपल्या शाळेतल्या इतिहासात नॉर्वे नावाला येतो. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. देश जेमतेम तीस लाख लोकसंख्येचा, पण व्यापारी जहाजांचा ताफा जगात चौथ्या क्रमांकाचा, आणि जगातल्या टँकरांपैकी जवळपास पाचवा हिस्सा त्यांचा. त्या दिवशी यातली बहुतेक जहाजं घरापासून लांब होती, कुणी मेक्सिकोच्या आखातात, कुणी सिंगापूरला, कुणी मुंबईला माल उतरवत. जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या ओस्लो रेडिओवरून हुकूम सुटला की नॉर्वेच्या, जर्मनीच्या किंवा तटस्थ देशांच्या बंदरांत जा. लंडनहून उलटा निरोप गेला की दोस्तांच्या बंदरात या. परक्या समुद्रावर असलेल्या जहाजांनी ओस्लोचं ऐकलं नाही. नॉर्वेच्या सरकारने सगळी जहाजं एका छत्राखाली घेतली, त्या संस्थेचं नाव नोर्ट्राशिप. हजारेक जहाजं आणि पंचवीस हजारांहून जास्त माणसं, त्या घडीला जगातली सगळ्यात मोठी जहाज कंपनी. मालकाचं घर शत्रूच्या ताब्यात आणि दुकान मात्र चालू, असा प्रकार.

चीफ म्हणाला, "त्यात तुझ्या देशाच्या नावाचंही एक जहाज होतं. इंडिया."

तोवर मी अर्धवट ऐकत होतो. आता कान टवकारले.

'इंडिया' हा नॉर्वेचा मोटर टँकर, दहा हजार टनांना थोडा कमी. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये तो पेरूहून तेल घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाला होता. म्हणजे आमचीच वाट. आमच्या पोटात माशाचं तेल, त्याच्या पोटात खनिज तेल, एवढाच फरक. ती वाट मला विचाराल तर जगातली सगळ्यात रिकामी वाट आहे. अटलांटिकला निदान लांब क्षितिजावर कुणाचा तरी धूर दिसतो. इथे पेरूचा किनारा मागे पडला की तीन आठवडे काही नाही. चिलीपासून साडेतीन हजार किलोमीटरवर ईस्टर बेट, तिथून पुढे दोन हजार किलोमीटरवर पिटकेर्न. रडारच्या पडद्यावर दिवसेंदिवस फक्त मध्यभागी आपण. १९४३ मध्ये कुठल्याही मालकाला, कुठल्याही कप्तानाला हीच वाट सगळ्यात सुरक्षित वाटली असणार. पाणबुड्यांचं रण अटलांटिकमध्ये, जपान्यांचं रण पश्चिम पॅसिफिकमध्ये. या बाजूला कोण येतंय?

'मिशेल' आलं होतं. हे जर्मन जहाज लांबून बघितलं तर साधं मालवाहू. आत मात्र सहा इंची तोफा, टॉर्पेडो, विमान, आणि एक छोटी वेगवान टॉर्पेडो बोटसुद्धा, जी रात्री पाण्यात सोडायची. अशा वेशांतर केलेल्या जहाजांनी युद्धाच्या पहिल्या वर्षांत हिंदी महासागरात आणि अटलांटिकमध्ये धुमाकूळ घातला. १९४३ पर्यंत ती एकेक करून संपली आणि समुद्रावर उरलं हे एकटं. त्याचा कप्तान गुम्प्रिश आधी 'थोर' नावाच्या अशाच जहाजावर होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये योकोहामा बंदरात शेजारच्या जहाजात स्फोट झाला आणि 'थोर' जळून गेलं. मग त्याला हे मिळालं. मे १९४३ मध्ये तो जपानहून निघाला. जूनमध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, हिंदी महासागरात त्याने 'होय सिल्व्हरडॉन' आणि 'फर्नकॅसल' ही दोन जहाजं बुडवली. दोन्ही नॉर्वेची. या फेरीत त्याने एकूण तीन जहाजं मारली, आणि तिसरंही नॉर्वेचंच.

'होय सिल्व्हरडॉन'ची एक लाइफबोट मात्र सुटली. जवळपास महिनाभर शीड लावून, पावसाचं पाणी साठवून ती माणसं शेवटी भारताच्या किनाऱ्याला लागली. त्यामुळे त्या जहाजाचं काय झालं ते सांगायला कुणीतरी होतं. किती वाजता पहिला गोळा आला, कोण कुठे उभं होतं, बोट उतरवताना कुठला दोर अडकला. जहाज गेलं, पण त्याची शेवटची रात्र माणसांच्या तोंडी शिल्लक राहिली.

'इंडिया'चं तसं नाही. ११ सप्टेंबर १९४३, ईस्टर बेटाच्या पश्चिमेला. 'मिशेल'ची पद्धत ठरलेली असायची. दिवसा सावज दिसलं तरी अंगावर जायचं नाही. क्षितिजाच्या पलीकडे राहून त्याची दिशा आणि वेग मोजत राहायचं, आणि अंधार पडला की दिवे न लावता जवळ जायचं. पहिले गोळे ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीवर, आणि रेडिओच्या खोलीवर, म्हणजे हाक मारायला वाव नको. तेलाने भरलेल्या टँकरवर गोळे पडले की पुढे काय होतं हे टँकरवर काम केलेल्या माणसाला विचारू नये. आमच्या डेकवर साधी काडेपेटी नेली तरी नोकरी जाते. कपडेसुद्धा कुठले घालावेत याचे नियम आहेत, ठिणगी नको म्हणून. 'इंडिया'ने पेट घेतला. एकही माणूस वाचला नाही.

आपल्याकडे म्हणतात, बोट माणसांसकट गेली. इंग्रजांच्या भाषेत अशा वेळी माणसांना 'हात' म्हणतात, सगळे हात बुडाले. मला ते कधी आवडलं नाही, पगार देणाऱ्याची भाषा वाटते. चीफने त्यांचा वाक्प्रचार सांगितला: माणसासकट आणि उंदरासकट. उंदीर बुडणारं जहाज आधी सोडतो, अशी समजूत. म्हणजे त्यालासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्या रात्री केबिनमध्ये पडल्या पडल्या एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. आपलं जहाज दोन दिवस गप्प होतं तर जगभर फोन वाजत असणार. 'इंडिया' गप्प होतं तेव्हा कुणाच्याही लक्षात आलं नसणार, कारण गप्प राहणं हाच हुकूम होता. युद्धात समुद्रावरच्या जहाजाने रेडिओवर काही पाठवायचं नसतं. पाठवलं तर शत्रू दिशा पकडतो. म्हणजे पेरू सोडल्यापासून ऑस्ट्रेलिया येईपर्यंत तीन आठवडे ते मुकंच असणार होतं. जिवंत होतं तेव्हाही मुकं, मेल्यावरही मुकं. १० सप्टेंबरला त्याच्याकडून काही आलं नाही आणि १२ सप्टेंबरलाही काही आलं नाही. किनाऱ्यावर बसलेल्याला या दोन दिवसांत फरक काय? पोचायची तारीख आली, गेली, आणखी काही दिवस गेले, मग कुठल्यातरी बंदराच्या कचेरीत कुणीतरी यादीवरून बोट फिरवताना थांबलं असेल. जहाज बुडालं त्या रात्री ते कुणासाठीच बुडालं नव्हतं. ते बुडालं तीनेक आठवड्यांनी, एका टेबलावर.

माझ्या बायकोला दोन चौकटी मिळाल्या होत्या. त्या घरांतल्या बायकांना पेन्सिल कुठल्या तारखेवर टेकवायची तेही माहीत नव्हतं.

आणि त्यांना कळवणार तरी कोण? देश जर्मनांच्या ताब्यात, नवरा जर्मनांच्या शत्रूच्या बाजूने बोट चालवतोय. सरळ टपाल बंद. रेडक्रॉसमार्फत निरोप जायचे, त्यात पंचवीस शब्दांची मर्यादा, आणि तेही कुणाकुणाच्या हातून तपासून, महिनोन्महिने उशिरा. पंचवीस शब्द म्हणजे किती ते एकदा मोजून बघा. 'आम्ही बरे आहोत, पोरगी चालायला लागली, आई गेली, काळजी घे' एवढ्यातच निम्मे होत आले. 'इंडिया'वरच्या कुणाच्या खिशात असा कागद होता का, ते देव जाणे. कित्येक घरांना पक्की बातमी कळली ती मे १९४५ मध्ये देश मोकळा झाल्यानंतर. आजूबाजूला झेंडे लागलेले, लोक रस्त्यावर नाचतायत, आणि एखाद्या दारात टपालवाला.

मग 'इंडिया' कसं बुडालं हे जगाला कळलं कुणाकडून? ज्यांनी बुडवलं त्यांच्याकडून. दुसरं कोणी नव्हतंच. पण त्यांचीही गंमत बघा, गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. 'इंडिया'ला मारून 'मिशेल' जपानकडे परत वळलं. १७ ऑक्टोबर १९४३ ला, पाच आठवड्यांनी, जपानचा किनारा जवळ आलेला असताना 'टार्पन' या अमेरिकन पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारले. कप्तान गुम्प्रिशसकट अडीचशेहून जास्त माणसं गेली. शंभरावर माणसं बोटींतून, तराफ्यांवरून जपानला पोचली. त्यातलं एकही पोचलं नसतं तर पॅसिफिकमधल्या त्या रात्रीला साक्षीदारच उरला नसता. 'इंडिया' हे नुसतं न पोचलेलं जहाज राहिलं असतं. म्हणजे त्या नॉर्वेजियन खलाशांचं शेवटचं जे काही आपल्याकडे आहे, ते त्यांच्या मारेकऱ्यांच्या डोळ्यांतून आणि तेही मारेकऱ्यांपैकी काही जण वाचले म्हणून. आग बाहेरून कशी दिसली एवढंच. आतून कशी होती, कुणी कुणाला हाक मारली, ते नाही.

चीफ हे सगळं अगदी कोरड्या आवाजात सांगत होता, पंपाची दुरुस्ती सांगावी तसं. मामाबद्दल बोलताना मात्र दोनदा थांबला.

मामाही टँकरवरच होता. टँकरवरची माणसं कपडे घालून, बूट पायात ठेवून झोपायची. सवय लागली ती गेली नाही. घरी आल्यावरही कितीतरी वर्षं तो बूट घालून पलंगावर आडवा व्हायचा आणि चीफची आजी चादरी धुताना बडबडायची. दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. लोक म्हणायचे, हा बाहेर होता, याने पैसे कमावले, आम्ही इथे उपाशी होतो. लढलेल्या सैनिकांना पदकं होती. हे साधे कामगार, यांच्या अंगावर गणवेशही नव्हता. पुढे ओस्लोच्या फिन आस्केवोल या मानसोपचारतज्ज्ञाने अशा खलाशांचा अभ्यास केला आणि १९७० च्या दशकात त्यांच्या दुखण्याला नाव दिलं, युद्धखलाशांचा सिंड्रोम. तोवर त्याला दारू असंच म्हणत.

पैशाची भानगड तर ऐकण्यासारखी. नॉर्वेच्या खलाशांना धोक्याचा भत्ता इंग्रज खलाशांपेक्षा जास्त मिळू लागला, तेव्हा इंग्रजांना ते अडचणीचं झालं. मग भत्ता कापायचा आणि फरक एका निधीत ठेवायचा असं ठरलं. युद्ध संपल्यावर खलाशी म्हणाले, आमचे पैसे द्या. सरकार म्हणालं, ते तुमचे नव्हेत, गरजूंसाठी आहेत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५४ मध्ये खलाशी हरले. पण वाद विझला नाही. शेवटी १९७२ मध्ये संसदेने हक्क म्हणून नव्हे, सानुग्रह म्हणून पैसे दिले, समुद्रावर काढलेल्या दर महिन्याला १८० क्रोनर. मामाचे साठेक महिने भरले. त्या पैशांतून त्याने इंजिन लावलेली एक छोटी होडी घेतली, आणि चीफच्या म्हणण्याप्रमाणे ती किनाऱ्यावरून दिसेनाशी होईल इतकी लांब कधीच नेली नाही. २०१३ मध्ये नॉर्वेच्या संरक्षणमंत्र्यांनी युद्धखलाशांची जाहीर माफी मागितली तेव्हा मामा नव्हता. ती बातमी मी वाचली तेव्हा चीफही नव्हता. मला कुणाला तरी फोन करावासा वाटला आणि फोनमध्ये त्या देशातला एकही नंबर नव्हता.

नोर्ट्राशिपची पाचशेच्या आसपास जहाजं गेली आणि तीन हजारांवर माणसं. ओस्लोच्या दक्षिणेला स्टावर्न गावात समुद्रासमोर त्यांचं एक स्मारक आहे, पिरॅमिडच्या आकाराचं. ते मूळचं १९२६ मधलं, पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांसाठी बांधलेलं. तळघरासारख्या जागेत तांब्याच्या पत्र्यांवर नावं आहेत. दुसऱ्या युद्धातली नावं नंतर आली. सुट्टी मिळाली असताना एकदा मी तिथे जाऊन आलो. आत गारठा, आणि तांब्याला येतो तो हातावर राहणारा वास, जुन्या घंगाळाला येतो तसा. नावांची रांग संपतच नाही. जवळजवळ सगळी नावं '-सेन'वर संपणारी, त्यामुळे वाचताना एकच माणूस पुन्हा पुन्हा बुडतोय असं वाटायला लागतं.

तिथे उभं असताना मला मस्जिद बंदर आठवलं, हे खोटं नाही. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांचं घर आहे, इंडियन सेलर्स होम. सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या, कामासाठी त्या भागात आम्ही किती खेपा घातल्या, पण आत काय आहे ते बघायची बुद्धी कधी झाली नाही. तिथे दोन्ही महायुद्धांत गेलेल्या हिंदी खलाशांची स्मारकं आहेत. दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांवर माणसांची नावं भिंतीवर नाहीत, ती एका पुस्तकात लिहून ठेवलेली आहेत. तशीच एक प्रत चितगावला. इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर इंजिनात कोळसा ओढणारे, डेक धुणारे, जेवण वाढणारे. रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, सिल्हेटचे बंगाली. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास. पाणी मात्र दोघांना सारखंच गार.

आमच्या गावच्या मोहल्ल्यात लहानपणी एक म्हातारी होती, आम्ही पोरं तिलाही आजीच म्हणायचो. तिचा नवरा लढाईत बोटीवर गेला तो आला नाही. तार आली होती का, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं होतं. म्हणाली, "तार कसली बाबा. मनीऑर्डर यायची बंद झाली. दोन महिने नाय आली तवा समाजला." तिचा नून रिपोर्ट तो होता.

आणि मुंबई तर स्वतःच होरपळली आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं तेव्हा गोदीत 'बेलरे' नावाचं नॉर्वेचं एक जहाजही होतं, आणि आपल्या सिंदिया जहाज कंपनीचं 'जलपद्म'ही. शहराचं छप्पर उडालं, सोन्याच्या विटा गिरगावाकडे उडाल्या, ते सगळे सांगतात. गोदीत शंभरेक नॉर्वेजियन टाळकी काय करत होती, घरदार सोडून चार वर्षं, हे मला चीफ भेटेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. ('शंभरेक' हा माझा अंदाज नव्हे, बोलण्याची पद्धत. एका जहाजावर तीस-चाळीसच असतील.)

परत त्या सफरीवर येतो. संच सुरू झाला त्यानंतर तीन-चार दिवसांनी आम्ही ईस्टर बेटाच्या रेखांशाच्या पुढे गेलो. बेट दिसण्याचा प्रश्नच नव्हता, ते बरंच लांब. चार्टवर त्या भागात खोलीचे आकडे इतके विरळ की दोन आकड्यांत अख्खी मुंबई मावावी. नेमकी जागा मला ठाऊक नव्हती, चीफलाही नाही. पश्चिमेला, एवढंच. म्हणजे कुठेही.

चीफ इंजिनियर सहसा ब्रिजवर येत नाही. त्याचं राज्य खाली. त्यात हा तर जिना चढायचा म्हटलं की गुडघ्यांच्या नावाने ओरडायचा. त्या दिवशी बाराला पाच मिनिटं असताना तो वर आला, हातात कॉफीचा मग, कानांवर अजून इंजिनरूमचे कर्णरक्षक तसेच. माझ्याशी काही न बोलता दार उघडून डाव्या विंगवर, ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर, गेला. आग्नेयेचा वारा होता, पाणी निळं, अधूनमधून एखादी लाट पांढरी व्हायची. मी माझ्या कामात होतो. पोझिशन घेतली, मैल मोजले, इंधनाचा आकडा खालून मागवायचा असतो तो फोन उचलला आणि मग लक्षात आलं की आकडा देणारा माणूस इथेच उभा आहे. मी दारातून विचारलं. त्याने मागे न बघता तोंडपाठ सांगितला.

लॉगबुकात मी लिहिलं: हवा स्वच्छ, समुद्र मध्यम, दृष्टीत जहाज नाही.

तो आत आला तेव्हा कॉफी तशीच भरलेली होती, गार झालेली.

"स्टिरमन, रिपोर्ट गेला?"

"गेला."

"पोचला?"

मी संचाकडे बघितलं. हिरवा दिवा लागला होता. "पोचला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत, खाली गेला.